भिंगरीची एकच धाव

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. काच तडकली असली, तरी पाठीवरची अक्षरे अजून वाचता येतात: ‘आमच्या कप्तानाला’.

कारखान्यात डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने मला चिमट्याने जुळवले. ऐन उमेदीत माझ्या धन्याचा गुडघा कामातून गेला, तेव्हा संघातल्या सोबत्यांनी त्याला निरोप देताना मला भेट दिले. मला मुठीत धरून तो ढसाढसा रडला. मग मुलांना फुटबॉल शिकवू लागला आणि सगळ्यांचा मास्तर झाला.

मास्तर मला तळहाताच्या फोडासारखे जपत. दर वर्षी घड्याळजीकडून साफ करून घेत. पुढे एका क्लबने त्यांना नवे खेळाडू हेरायचे काम दिले आणि आम्ही कितीतरी मैदाने पालथी घातली. एखाद्याची वेळ थोडक्यात हुकली, तर मास्तर त्याला पुन्हा पळवत. “पहिल्यांदा पाय घाबरलेले असतात,” म्हणत. लोक त्यांच्या नजरेचे आणि माझे गोडवे गात. खोटे कशाला बोलू, मलाही चढले होते.

कामाच्या धबडग्यात माझी सफाई मात्र राहून गेली. बटणात माती शिरली. मला कळत होते, पण सांगणार कसे?

मास्तरांच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती जिना उतरायची, तोवर आईचे ओरडणे वरच राहायचे. तेराव्या वर्षी तीही निवडीला आली. चाळीस मीटर धावायला साडेसहा सेकंदांची अट होती. ती सुसाट आली, मास्तरांनी बटण दाबले. ते आत जाता जाता अडखळले आणि माझा काटा पुढे सरकला.

“सात,” मास्तर म्हणाले.

“बाबा, आणखी एकदा पळते ना! त्या दोघींना दिलंत की.”

“त्या माझ्या कुणी नाहीत. तुला पळवलं तर लोक काय म्हणतील?”

भिंगरीने बूट काढले, ते कायमचेच.

सहा वर्षांनी माझे बटण पुरते अडकले. घड्याळजीने मला उघडले. “मास्तर, यात नुसती माती आहे. बरीच वर्षं अर्धा सेकंद जास्तच दाखवत असणार हे.”

मास्तरांनी भिंगरीच्या सात सेकंदांतून अर्धा वजा केला. मग मला दुरुस्त करून घेऊन ते तडक घरी आले. भिंगरी त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होती. त्यांनी सारे सांगितले. “चल मैदानावर. आत्ता पळ, मी बघतो.”

तिने इस्त्री खाली ठेवली नाही. “राहू द्या, बाबा. आता पळवत नाही मला.” मग हळूच म्हणाली, “तेव्हा घड्याळाकडे कशाला बघितलंत? माझ्याकडे बघायचं होतं.”

मास्तरांनी खेळाडू हेरायचे काम सोडले. आता मी अगदी अचूक चालते आणि कपाटात मोज्यांखाली पडून असते. मला किल्ली द्यायला कुणी येत नाही. माझी मलाच शरम वाटते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची वेळच्या वेळी निगा राखा. आणि आपल्या माणसाने ‘आणखी एकदा’ म्हटले, तर आमच्याकडे बघून नाही म्हणू नका.