नीरूची भिंत

आमच्या हॉलची भिंत तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. तांबडे चिरे, वरून सोडलेला पिवळसर उजेड, पुढ्यात वेताची आरामखुर्ची आणि खुर्चीत माझे पप्पा. मालवणपासून म्हापशापर्यंतची गिऱ्हाइकं तो फोटो काढून दाखवतात आणि म्हणतात, "रॉविना मॅडम, आम्हाला सेम अशीच हवी." मी करून देते. आमच्या घरात आता ती भिंत नाही, हे मात्र कुणाला सांगत नाही.

मी लोकांची घरं सजवते. सध्या कुणाला काय हवं असतं ते मला झोपेतून उठवून विचारा. सांधा नसलेली मायक्रोसिमेंटची जमीन, उभ्या लाकडी पट्ट्यांचं पॅनल, काळे मॅट नळ, दिवा दिसू नये पण उजेड दिसावा अशी छताला खाच. आणि एक भिंत 'कच्ची'. ज्यांच्या आज्यांची कंबर शेणानं जमीन सारवून मोडली, त्यांना आता भिंतीला मातीच्या रंगाचा लेप हवा असतो. मी मनात हसते आणि लेप देते. लोकांच्या घरात एवढा शहाणपणा करणारी मी, माझ्या स्वतःच्या घरात मात्र तीच जुनी कोब्याची जमीन आणि ट्यूबलाइट. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. गेल्या वर्षी ऑगस्टात ठरवलं, आपलंही घर करायचं.

घर मालवण तालुक्यात, कट्टा गावाजवळ आहे. घरात मी आणि पप्पा, दोघंच. माझी आई अँजेला, तिला मी माय म्हणायचे, ती जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा मी पणजीची नोकरी सोडून परत आले. पप्पांचं नाव वॉल्टर. तीस वर्षं त्यांनी चिरेखाणीत काढली, यंत्रं यायच्या आधी, टिकावानं. आमच्या घराचा एकेक चिरा त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः तासून आणलेला. आता वय शहात्तर. वर्षभर त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. चहात दोनदा साखर घालायचे, शनिवारीच रविवारच्या मिस्साचे, चर्चला जायचे कपडे घालून बसायचे. कुडाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "घरात फार बदल करू नका. अशी माणसं ओळखीच्या वस्तूंना धरून चालतात."

मी ऐकलं, असं माझं मला वाटत होतं. त्यांची खुर्ची हलवली नाही. काठी अडकवायचा खिळा तिथंच ठेवला, देवाचा अल्तार तिथंच, पलंगाचं तोंडही त्याच दिशेला. भिंत हीसुद्धा माणसानं धरून चालायची वस्तू असते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि म्हणे डिझायनर.

हॉलच्या त्या मोठ्या भिंतीला नीरूचा गिलावा होता. नीरू म्हणजे भिजवून मऊ केलेला चुना. तो पातळ थरात चढवायचा आणि वाळता वाळता गोट्यानं घोटायचा. घर बांधल्यावर बारा वर्षं ती भिंत उघडीच होती. आमच्याकडे ऑक्टोबरात सायबीण, म्हणजे मारियामातेची मूर्त, एका घरातून दुसऱ्या घरात जाते, एक रात्र राहते, वाड्यातली सगळी घरं तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, जमतात. मी सहा वर्षांची असताना ती आमच्याकडे आली, तेव्हा मायनं उघडे चिरे झाकायला भिंतीवर चादरी टांगल्या होत्या. तेर्स संपल्यावर कोणीतरी हसत म्हणालं, चिरे काढणाऱ्याच्याच घराला गिलावा नाही. मायनं त्याच दिवशी नवस बोलला, सायबीण पुन्हा येईल तेव्हा भिंत उघडी असणार नाही. पुढच्या मे महिन्यात शिवा गवंड्यानं नीरू चढवला आणि मायनं नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन अठरा दिवस ती भिंत घोटली. नंतर तिनं त्यावर कधी रंग लावू दिला नाही. वर्षांमागून वर्षं गेली तशी ती भिंत तुपासारखी पिवळट झाली. उन्हाळ्यात आम्ही तिला पाठ लावून बसायचो.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी शिवाकाकांना बोलावलं आणि म्हटलं, गिलावा फोडायचा आहे.

"बाये, जमीन कर, छत कर, माका काय नाय," शिवाकाका म्हणाले. "ह्यो गिलावो फोडू नको. हेच्यार तुझ्या आवशीचो हात फिरलोहा."

"काका, खाली ओल धरलीहा. आणि भितूर चिरे पप्पांचे आसत. तेंका बघून बरा वाटतला."

"ते चिरे झाकूकच तिना अठरा दिवस काढल्यान."

मी खोटं बोलत नव्हते. गिलाव्याखाली माझ्या बापाच्या टिकावाच्या तिरक्या खुणा होत्या आणि त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मला त्या जगाला दाखवायच्या होत्या. बापाचं काम दाखवण्याच्या भरात वरचं काम कुणाचं, हे मी बाजूला सारलं. आणि खरं सांगायचं तर फोटो चांगला येणार होता.

पप्पांना पंधरा दिवस देवगडला मामाकडे ठेवलं. शिवाकाकांनी हातोडा हातात घेतला नाही. दोन माणसं लावून दिली आणि स्वतः बाहेर फणसाखाली बिडी ओढत बसले. एका दिवसात भिंत मोकळी झाली. राडारोडा मी फाटकासमोरच्या खड्ड्यात भरायला सांगितला. नाहीतरी तिथं माझ्या गाडीची चाकं आपटायची.

पप्पा परत आले. दारातच थांबून त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग जवळ जाऊन हात फिरवला.

"ह्यो कोपऱ्यातलो," ते म्हणाले, "माझ्या पायार पडलेलो. म्हयनोभर लंगडत होतंय."

ते हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तो फोटो काढला. डॉक्टरांना काय कळतंय, असंही मनात आलं.

त्याच संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते बाहेर पडवीत जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघू लागले.

"अँजेला अजून येवक नाय?"

"खंयसून पप्पा?"

"नदीर गेली मगे. गोटो हाडूक. शिवा उद्या नीरू घालतलो, आणि घोटूक गोटो नाय घरात."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग हळूहळू कळलं. ती भिंत उघडी होती तेव्हा माय जिवंत होती. भिंत उघडी, म्हणजे माय आहे, गिलावा व्हायचा आहे, सगळं अजून पुढं आहे. त्यांचं गणित बरोबर होतं. चूक माझी होती.

मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले आणि खरं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी आजारी पडून गेली म्हणून सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तिका माती दिलास, तेव्हा मी खंय होतंय?"

ते तिथंच होते. पहिली मूठ त्यांनीच टाकली होती. पण ते मला मानायला तयार नव्हते. त्यांना न सांगता आम्ही तिला पुरलं, असं त्यांना वाटलं, आणि ते असे रडले की शेजारची जानकी कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. चौथ्या दिवशी माझ्यानं ते बघवेना. मी म्हटलं, "येतली, पप्पा. वाटेत कोण भेटला आसतला."

"होय," ते म्हणाले. "तिका बोलूक खूप लागता."

मग ते रोज तिची वाट बघू लागले, आणि आनंदात बघू लागले. दाढी करायचे, शर्ट बदलायचे. पेज जेवताना तिच्यासाठी थोडी ठेव म्हणायचे. मी ठेवायचे. तीन आठवडे असे गेले, आणि सांगायला लाज वाटते, पण पाच वाजले की माझेही कान फाटकाकडे लागायचे. नऊ वर्षांत त्या घरात कुणी मायची वाट बघितली नव्हती. खोटी का होईना, ती येणार होती.

मग चर्चमध्ये सायबिणीची यादी वाचली. आमचं घर शेवटच्या आठवड्यात होतं. ते ऐकलं आणि पप्पांची झोप उडाली. "सायबीण येतली आणि भिंत उघडी. लोक काय म्हणतले? तिना नवस केल्यान हा." एका सकाळी मी आत आले तर ते स्टुलावर चढून चिऱ्यांच्या सांध्यात खिळा ठोकत होते, आणि खांद्यावर मायची फुलाफुलांची चादर होती. मी त्यांना खाली उतरवलं आणि शिवाकाकांना फोन केला.

शिवाकाका आले. 'मी सांगलेलंय' असं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "नीरू भिजत घालूक व्हयो. गोटो आसा?"

गोटा स्वयंपाकघराच्या दारामागे होता. दार आपटू नये म्हणून मायनंच तो नंतर तिथं ठेवलेला. शिवाकाकांनी नीरू चढवला आणि ह्या वेळी भिंत मीच घोटली. मालवणातली कामं थांबवली आणि अकरा दिवस दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी हात वर उचलेना. मायनं शेतातलं, चुलीवरचं सगळं उरकून अठरा दिवस कसे काढले असतील, ते मला तेव्हा कळलं. पप्पा मागं खुर्चीत बसून बघायचे. कधी म्हणायचे, "वायच वयर घे, अँजेला." मी वर घ्यायचे. त्या अकरा दिवसांत पाच वाजता त्यांनी काही विचारलं नाही.

सायबीण यायच्या संध्याकाळी भिंत पांढरी, तुकतुकीत झाली होती. सगळ्या वाड्यानं नावाजावी अशी. पप्पा पांढरा शर्ट घालून आले, भिंतीवर तळवा ठेवला आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत नेला. मध्येच थांबले. परत मागं आले.

"ह्यो हात अँजेलाचो न्हय," ते म्हणाले.

 त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी मला माझ्या नावानं हाक मारली.

"रॉविना, ती गेली मा?"

"होय पप्पा."

"केदवा?"

"नव वर्सां झाली."

त्यांनी मान हलवली. ह्या वेळी ते रडले नाहीत. रस्त्यावरून गाण्याचे आवाज जवळ येत होते. "दार उघड," ते म्हणाले, "माणसां इली." सगळा तेर्स ते नीट म्हणाले, एक शब्दही चुकला नाही. मी मात्र पुन्हा पुन्हा ओळी चुकत होते. मायला मी दुसऱ्यांदा मातीत घातलं होतं.

त्यानंतर त्यांनी तिची वाट बघितली नाही. विसरणं वाढतच गेलं, पण हे एक ते विसरत नाहीत. पडवीत बसतात आणि रस्त्याकडे पाठ करतात.

गेल्या रविवारी मिस्साहून परत आले तेव्हा फाटकापाशी काहीतरी पांढरं दिसलं. चाकांनी माती उडून खालचा भराव उघडा पडला होता. मी गाडी थांबवून खाली बसले. सगळा चुरा झालेला. हातानं उकरून एक तुकडा मिळाला, तळहाताएवढा, एका बाजूनं अजून तुपासारखा पिवळट. तो मी धुतला आणि काही न सांगता पप्पांच्या हातात दिला.

त्यांनी अंगठा फिरवला. डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"ह्यो तिचो," ते म्हणाले. मग तो उलटा करून बघितला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाकीचो खंय आसा?"

माझी गाडी अजून फाटकातच उभी होती, पुढची चाकं त्या भरावावर. मी बाहेर गेले, ती मागं घेतली आणि रस्त्यावरच लावली. तेव्हापासून ती तिथंच लावते.