जलपूजनापुरतं पाणी

रणजितरावांना पाण्यातलं एकच कळत होतं, की ते फोटोत चांगलं दिसतं.

यंदा मे महिन्यातच वळवाने धुमाकूळ घातला आणि चिंचबेटाजवळचा नीरेवरचा बंधारा काठोकाठ भरला. हिवाळ्यात बंधाऱ्याच्या मोऱ्यांत लोखंडी ढापे बसवायचे, पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते उपसून पुराला वाट मोकळी करून द्यायची, ही गावाची नेहमीची रीत. यंदा ढापे निघाले नाहीत. रणजितरावांना भरल्या बंधाऱ्यात जलपूजन करायचं होतं, तेही पतसंस्थेचे चेअरमन मानसिंगराव यांच्या हस्ते. मानसिंगरावांची पहिली तारीख हुकली. दुसऱ्या तारखेला त्यांना कुणाच्या तरी साखरपुड्याला जावं लागलं. आता रविवार ठरला होता, आणि नदीने तोवर दम धरावा अशी रणजितरावांची अपेक्षा होती.

गावची सरपंच खरं तर उत्कर्षा, रणजितरावांची बायको. जागा महिलांना राखीव निघाली तेव्हा त्यांनी तिला उभं केलं आणि ती निवडून आल्यावर खुर्चीत स्वतः बसले. सरपंचाचा मोबाइल त्यांच्या खिशात, गाडीच्या काचेवर 'सरपंच' त्यांच्यासाठी. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "माझा शब्द म्हंजी सरपंचाचा शब्द." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं, की ते समोरच्याला पटलं तरी पुन्हा एकदा म्हणायचे. उत्कर्षा आतून ऐकायची. तिचं माहेर सुप्याकडचं, टँकरभोवती घागरींची भांडणं होतात तिथलं. पाणी अडवून त्याची वरात काढणारी माणसं तिनं इथं येऊनच पाहिली.

शनिवारी सकाळी पुतळाबाई दारात येऊन उभी राहिली. तिचं घर खालच्या वस्तीत, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीला अगदी लागून.

"सरपंच हायत का घरात? खऱ्या?"

पोहे खात बसलेल्या रणजितरावांनी मान वर केली. "बोला मावशी."

"तुमास्नी न्हाय इचारलं. पर ऐका. घाटात लई पडतोय. दुपारनंतर धरणातनं पानी सोडणार हायत. नातीनं मोबाइलवर वाचून दावलं. ढापे तसंच ऱ्हायलं तर पानी मागं फुगंल, आन पयलं माझ्या चुलीत शिरंल."

"उद्या पूजा झाली की लगेच काढतो. एका दिवसाचा तर प्रश्न हाय."

"नदीला कळवलीया का तारीख?"

रणजितराव मनापासून हसले. त्यांना हा विनोद वाटला. "काय बी बोलता मावशी! आवो, माझा शब्द हाय."

"शब्द चुलीत घालून घर कोरडं ऱ्हात आसंल तर द्या की पोतंभर," म्हणून पुतळाबाई पायरीवरच बसली.

रणजितराव बारामतीला निघाले. फ्लेक्स आणायचा होता, त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'जलनायक'. मानसिंगरावांसाठी आणि स्वतःसाठी फेटे आणि नदीची ओटी भरायला साडीही घ्यायची होती. गाडीत बसता बसता ते उत्कर्षाला म्हणाले, "उद्या हिरवी नेस. पानी गढूळ हाय, हिरवं उठून दिसतं."

गाडी वळणाआड गेल्यावर उत्कर्षाने पदर खोचला. "चला मावशी."

बंधाऱ्यावर रामहरी आणि त्याची माणसं पूजेचा मांडव बांधत होती. दरवर्षी ढापे बसवणारी आणि उपसणारी टोळीही हीच.

"रामहरी, मांडव ऱ्हाऊ दे. ढापे काढ."

रामहरी शिडीवरून उतरला. "वहिनी, रणजितआप्पांनी सांगितल्याबिगर न्हाय जमायचं."

"आप्पा कायम काय म्हणत्यात? त्यांचा शब्द म्हंजी कुणाचा शब्द?"

"सरपंचाचा."

"मग सरपंचाचा शब्द म्हंजी कुणाचा?"

रामहरीने डोकं खाजवलं. "मंग... आप्पांचाच की."

"सरपंच तुझ्या म्होरं उभी हाय. आप्पांनी सांगितलं आसं समज आन लाग कामाला."

"हिशोब बरुबर हाय!" मांडवावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले. रामहरी तरी घुटमळला. "आप्पा आल्यावर माझी चामडी सोलत्याल वहिनी."

"आन पानी आल्यावर आमची?" पुतळाबाई म्हणाली. "तू सोलून घे. तुझी वाळंल तरी."

मग आकडे निघाले, साखळी निघाली, ट्रॅक्टर आला. पहिला ढापा करकरत वर आला, शेवाळाने हिरवागार, आणि मोरीतून पाणी धबाधबा खाली कोसळलं. एकेक मोरी मोकळी होत गेली तशी वरची तुंबलेली नदी खाली बसत गेली. शेवटचा ढापा निघाला तेव्हा घाटाच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"ढापे कुठं टाकू?" रामहरीने विचारलं. "हितं ठिवलं तर आप्पा येऊन परत बसवाया लावत्याल."

"आमच्या दारात. गाडीच्या शेडमधी."

रणजितराव परतले तेव्हा शेडमध्ये छपरापर्यंत लोखंड रचलेलं होतं आणि त्यातून चिखलाचं पाणी अंगणभर पसरलं होतं.

"हे कुणी केलं?"

"तुमीच. तुमच्याच शब्दानं."

"अगं, उद्या चेअरमनला काय दावू? चिखल?"

"पानी दावा की. धरणातनं निघालंय."

ते तसेच बंधाऱ्याकडे धावले. ढापे पुन्हा बसवा म्हणाले. रामहरीने चढत्या पाण्याकडे बोट केलं. "तुमी फुडं उतरा आप्पा, आमी मागनं येतो." रणजितराव उतरले नाहीत.

रविवारी नदी तांबडी होऊन दोन्ही थड्या भरून धावत होती. मोकळ्या मोऱ्यांतून पाणी निघून जात होतं, म्हणून ते पुतळाबाईच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. मानसिंगराव खूश झाले. "पानी जोरात हाय रे रणजित!"

फेटा बांधलेल्या रणजितरावांनी माइक हातात घेतला. "येळंत ढापे काढायचा निर्णय आमी घेतला, म्हणून आज वस्ती सुरक्षित हाय." टाळ्या पडल्या. उत्कर्षा त्यांच्याकडे बघत राहिली. शनिवारी ज्याला ढापे परत बसवायचे होते, तो माणूस रविवारी तेच काढल्याबद्दल मान तुकवून टाळ्या घेत होता. लाज वाटायलाही थोडी अक्कल लागते, हे तिला तेव्हा पटलं.

मानसिंगरावांनी नारळ सोडला. फोटोवाला नेम धरेपर्यंत तो मोरीतून पार. दुसरा सोडला, तोही गेला.

"आरं, थांबत का न्हाय हे?"

"थांबवाया ढापे लागत्यात चेअरमन," पुतळाबाई मागून म्हणाली. "ते आप्पांच्या शेडात हायत. तितं जाऊन काढा फोटू."

मांडव हसला. मानसिंगराव घड्याळ बघून निघून गेले.

घरी येताच पाऊस सुरू झाला. नवी गाडी अंगणात भिजत होती. "शेड मोकळं कर," रणजितराव फेट्यासकट ओरडले.

"दिवाळीच्या सुमाराला. ढापे बसवायचे दिवस आले की."

"तवर गाडी कुठं लावू?"

"तुमचा शब्द हाय की. त्याच्याखाली लावा."

तेवढ्यात त्यांच्या खिशात सरपंचाचा मोबाइल वाजला. त्यांनी तो काढला, पण उत्कर्षाने हात पुढे केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी दिलाही.

"बोला. सरपंच बोलतीय... आणखी पानी सोडणार? कवा?... व्हय, वस्तीला आत्ताच शाळंत हलवते."

मोबाइल पदराच्या गाठीत बांधून ती खालच्या वस्तीकडे निघाली. रणजितराव पावसात उभे होते. फेट्याचा गुलाबी रंग ओघळून त्यांच्या गालांवर उतरत होता.