दोन दिवे

दामिनीला रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा मी आमच्या टोकावड्याच्या गावदेवीला बोलले होते, लेक पूर्ण बरी होईस्तोवर रोज सांजेला माझ्याच हाताने दिवा लावीन, खंड पडू देणार नाही. म्हणून मुंबईच्या इस्पितळात तिच्याजवळ राहायला धाकटी जाऊ रुपाली गेली.

देवी पावली. रक्ताचे काउंट सुधारले, लेक घरी आली. पण आली ती काकूची होऊन. जेवण काकूने वाढलेलं, झोप काकूच्या कुशीत. सलाइनच्या स्टँडला दोघी ‘नवरोबा’ म्हणायच्या, जाईल तिथे मागे यायचा म्हणून. आठवून आठवून हसायच्या. मी भाकऱ्या थापत ऐकायची. जपाला बसले तरी मण्यामण्याला रुपालीच समोर यायची.

एका सांजेला दामिनी आपणहून माझ्याबरोबर देवळात आली. वाटेत डोकं दुखतंय म्हणाली, उलटीही झाली. मला वाटलं, ऊन बाधलं. मी दिवा लावला तशी म्हणाली, “आये, दोन दिवे दिसतात गो.”

माझ्या अंगावर काटा आला. देवीने कौल दिला, आणि तो माझ्या दिव्यापाशी दिला. घरी येऊन मी ते मुद्दाम रुपालीला सांगितलं.

रुपालीने हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. दामिनीसमोर एक बोट धरून किती म्हणून विचारलं. दामिनी म्हणाली, दोन.

“ताई, हा कौल नाय,” रुपाली म्हणाली. “सकाळच्या पहिल्या गाडीने निघू.”

देवीपुढे नाक घासून मी नेमात खंड पाडला आणि दोघींबरोबर गेले. रक्तातून गेला वाटलेला रोग डोक्यात राहिला होता, त्याचीच मेंदूत गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्याला किरणांचे शेक द्यावे लागतील, औषध मणक्यातून सोडावं लागेल. बरी होईल का, ते आत्ताच सांगता येणार नाही.

वॉर्डात एकीलाच राहता येणार होतं. आई कोण, नर्सने विचारलं. मी पुढे झाले. एकाचे दोन दिसू नयेत म्हणून दामिनीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तिचा हात माझ्या हातावरून पुढे सरकला, चाचपत राहिला.

“काकू कुठाय?”

रुपाली मागे सरली. “तुमी जा, ताई.”

“तूच जा,” मी म्हणाले. “तिला तुझी सवय हाय.”

दार लागलं. मी बाहेर बाकावर बसले. जरा वेळाने आतून दामिनीचं हसणं ऐकू आलं. जावेचा हेवा तेव्हाही वाटला, होता तेवढाच. डोळे मिटून देवीकडे एवढंच मागितलं, की आतलं हसणं थांबू देऊ नको.