उरलेलं झाड

कृषी खात्याच्या तपासनीस बाईंनी अंगठ्याच्या नखाने खोडाची साल उचकटली, तशी ती जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखी सुटून त्यांच्या हातात आली. आतलं लाकूड तपकिरी पडलं होतं.

“हेही गेलं,” त्या म्हणाल्या. “काढावं लागेल. मुळासकट.”

झाडाचे मालक, म्हणजे निवृत्त पोस्टमन, नुसते बघत राहिले. त्यांच्या शेजारी उभे असलेले सलूनवाले काकाही. गल्लीतलं हे सहावं संत्र्याचं झाड. आधीची पाच तपासून बाईंच्या वहीत गेली होती.

“हा रोग वाऱ्याने येत नाही, किड्यांनीही नाही,” बाई म्हणाल्या. “कलमातून येतो, नाहीतर कलम करणाऱ्याच्या पात्यावरून. खालचे खुंट वेगवेगळे असतील, पण वर सगळीकडे एकाच झाडाचा डोळा भरलेला दिसतोय. कुणी भरला?”

काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण पोस्टमन आधी बोलले.

“कुणी म्हणजे? तयार रोप घेतलं. दारावर आला होता एक फिरता माणूस.”

“कुठला होता?”

“काय माहीत.”

चाळीस वर्षं ज्यांनी अर्धवट पत्त्यांची पत्रंसुद्धा बरोबर घरी पोचवली, त्यांना हा एक पत्ता आठवेना. पलीकडच्या कुंपणावरून मास्तरीणबाईंनीही री ओढली, “आमच्याकडेपण तोच आला होता.” बाकीच्या चार घरांनीही तेच सांगितलं.

बाई मग काकांच्या अंगणात आल्या. इथलं झाड कौलापर्यंत पोचलेलं, गर्द हिरवं, फळांनी वाकलेलं. साल कशी गुळगुळीत.

“हे कुठलं?”

“बी टाकलं होतं मी. कुंडीत,” काका म्हणाले. हे खरंच होतं.

“बीचं झाड. वरून तर ठणठणीत आहे. पण काही झाडं रोग अंगात बाळगतात आणि त्यांना स्वतःला काही होत नाही. याचा आणि त्या सहा झाडांचा काही संबंध?”

“छे हो!” पोस्टमन हसले. “काका कुणाला एक पान देतील तर शपथ. एक नंबरचे कंजूष.”

बाईही हसल्या, आणि त्यांनी वहीत ‘निरोगी’ असं लिहिलं. आपलं झाड वाचलं म्हणून त्या क्षणी काकांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची नंतर त्यांना इतकी लाज वाटली, की दोन दिवस त्यांनी आरशासमोर उभं राहून गिऱ्हाइकाकडेच काय ते पाहिलं.

काका कंजूष! सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कंजूष कोण नाही ते. हे झाड नऊ वर्षं नुसतं वाढत होतं. “काका, हे झाड आहे की पडदा?” अशी थट्टा ऐकत काकांनी त्याला पाणी घातलं, खत घातलं, नर्सरीतल्या कलमवाल्याकडून ते छाटून घेतलं, फुलं गळाली की जेवण टाकलं. दहाव्या वर्षी पहिलं फळ आलं, तेव्हा त्यांनी ते सलूनमध्ये नेऊन सोललं आणि गालाला फेस फासलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडात एकेक फोड दिली. अशी गोडी कुणी चाखली नव्हती. मग काय, जो तो मागू लागला. काकांनी हात आखडता घेतला नाही. सुट्टीच्या दिवशी खिशात वस्तरा टाकून ते घरोघर गेले. आपल्या झाडाचा कोवळा डोळा सालीसकट अलगद सोडवायचा, नर्सरीतून आणलेल्या खुंटाच्या सालीखाली बसवायचा, वर पट्टी बांधायची. बोटं मऊ होती, हात सराईत होता, सहाच्या सहा डोळे फुटले. महिनाभर काका गल्लीतून जावयासारखे हिंडत होते.

सलूनमध्ये एक पातं दोन गालांना लावायचं नाही, हा त्यांचा नेम. झाडांच्या बाबतीत ते त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण पातं हे नंतरचं. रोग याच झाडातून गेला होता, हे बाईंचं बोलणं ऐकताच त्यांना कळून चुकलं होतं.

“मी ऑफिसात जाऊन सांगतो,” तिसऱ्या दिवशी ते बायकोला म्हणाले. तोवर सहाही झाडं उपटून नेली होती आणि जागोजागी खड्डे उरले होते.

“काय सांगाल? की सहाही घरं खोटं बोलली?” ती भाजी निवडत होती. “तुमच्यासाठी बोलली ना ती? आता तुम्हीच त्यांना तोंडघशी पाडणार?”

“मग हे असंच ठेवू?”

तिने पुढची जुडी सोडली.

रविवारी सकाळी त्यांनी करवत काढली. शिडी झाडाला टेकवली, तेवढ्यात फाटक वाजलं. पोस्टमन आणि मास्तरीणबाई हातगाडी ढकलत आत आले. गाडीवर काळ्या पिशव्यांतले सहा नवे खुंट.

“वर्गणी काढून आणले,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. “आता डोळे भरा. या वेळी पातं तेवढं उकळून घ्या, म्हणजे झालं.”

“फांद्या छाटताय होय?” पोस्टमन म्हणाले. “छाटा, छाटा.”

काका शिडीला धरून उभे राहिले. “झाड काढतोय. रोग यातच आहे. याच्यातूनच तुमच्याकडे गेला.”

दोघांनी वर पाहिलं. फळांनी लगडलेल्या, तुकतुकीत पानांच्या झाडाकडे.

“याच्यात?” मास्तरीणबाईंना हसू आलं. “काका, तुम्हीपण ना!”

“खरं सांगतो. बाई म्हणाल्या नाहीत का, रोग बाळगणारी झाडं असतात म्हणून?”

“बाईंनी तर निरोगी लिहिलंय.”

“तुम्ही खोटं सांगितलंत म्हणून लिहिलं!”

पोस्टमनांचा चेहरा उतरला.

“द्यायचं नसेल तर तसं सांगा काका,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण असं नका बोलू. आमची गेली तेव्हा आम्ही ब्र काढला नाही. का? तर एक तरी राहावं. त्यातून पुन्हा सगळ्यांची होतील. आता हे झाड तुमच्या एकट्याचं राहिलेलं नाही.”

त्यांनी पुढे होऊन काकांच्या हातातली करवत घेतली. हिसकावली नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तशी घेतली.

काकांना खूप बोलायचं होतं. पण या माणसांना पटवण्यासारखं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. उलट वर ते झाड उभं होतं, त्यांना खोटं पाडत.

“फळं उतरू देत,” शेवटी ते म्हणाले. “फळं असताना डोळा घेता येत नाही. मग भरतो.”

“असं सांगा ना आधी!” पोस्टमनांचा जीव भांड्यात पडला. खुंट सावलीत नीट रांगेत लावून दोघं गेले. जाताना करवत घेऊन जायला पोस्टमन विसरले नाहीत.

दुपारी गल्ली जेवून आडवी झाली होती. काका झाडाच्या बुंध्याशी मांडी घालून बसले होते. बायको स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात सुरी होती, भाजीची, लाकडी मुठीची. तिने ती त्यांच्यापुढे धरली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि सुरी घेतली. मातीलगत, गवत बाजूला सारून त्यांनी खोडाभोवती एक रेघ ओढली. चार बोटं वर दुसरी. मग दोन रेघांमधली साल ते थोडी थोडी सोडवू लागले. ओली, आतून पांढरीशुभ्र साल पट्टीपट्टीने सुटत होती आणि संत्र्याच्या पानांचा वास सुटला होता.

“लगेच वाळेल?” बायकोने विचारलं.

“नाही. पानांतला रस खाली मुळांपर्यंत जाणार नाही, एवढंच. हा हंगाम काढेल, मग वाळेल; डोळा घ्यायला काही उरणार नाही. कुणाला कळायचं नाही.”

“आणि फळं?”

“रस वरच साचतो ना. फळं पिकतील.” काका थांबले. त्यांनी सुरी दुसऱ्या हातात घेतली. “नेहमीपेक्षा गोड होतील.”

ती खाली वाकली आणि त्यांना पलीकडची बाजू दिसावी म्हणून अंगावर आलेली फांदी तिने वर उचलून धरली. “मग या वेळी घरटी दोन-दोन डझन देऊ,” ती म्हणाली.