बांडीसाठी आडवा धरलेला पेपर

दिव्यानीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, हे दिवाळीपासून मला टोचत होतं. कुरखेड्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो तेव्हा ही मुलगी खिडकीजवळच्या बाकावर बसून प्राण्यांची पुस्तकं वाचायची. आता ती वानरांचा अभ्यास करते. तिनं लिहिलं होतं, ‘सर, दुसऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे वानराला कळतं का? तुमच्याकडे टोळी येते. तुम्ही स्वतः पाहिलेलं एक उदाहरण चैत्र संपायच्या आत कळवा, म्हणजे अभ्यासाला मी तुमचंच गाव घेईन. नाहीतर हेमलकशाकडे जाईन.’ सोबत तिकीट लावलेलं, पत्ता घातलेलं पाकीटही होतं.

तिनं इथं यावं असं मला फार वाटत होतं. पण मी पाहिलेलं खरं कशावरून? चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा ‘बहुधा’पाशी थांबलो.

चैत्रात शेजारच्या सुकरीबाईंनी अंगणात मोहफुलं वाळू घातली आणि पुन्हा मोहा वेचायला रानात जाताना राखण माझ्यावर सोपवली. आमच्याकडे राखण तोंडानं करतात. वानर दिसलं की ओरडायचं. मी मात्र सारी नोकरी लोकांना हळू बोला म्हणून सांगण्यात घालवलेली. पेपर घेऊन खुर्चीत बसलो आणि जमेल तेवढ्या जरबेनं बघत राहिलो.

टोळी आली. हुप्प्या, म्हणजे टोळीचा दांडगा नर, कौलांवर बसला. फुलांकडे कुणी वळलं की तो दात दाखवायचा. शेपूट अर्धी तुटलेली एक वानरी होती, तिला मी मनातल्या मनात बांडी म्हणायचो. तिनं इकडेतिकडे पाहत मूठभर फुलं उचलली, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाआड नेली आणि तिथं खाल्ली. कौलांवरून ती दिसणं शक्य नव्हतं. उदाहरण मिळालं! मग शंका आली, ढिगाआड सावलीही होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, सावलीचा प्रश्नच नव्हता. मी खुर्ची ढिगाआडच नेऊन ठेवली. आता ती कुठे लपते ते बघू. बांडी मूठ भरून आली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग सरळ माझ्या पायाशी बसून खाऊ लागली. तेवढ्यात हुप्प्या कौलांवरून उतरून भिंतीवर आला. तिचं तोंड चालायचं थांबलं. आणि मी काय केलं? पेपरची दोन्ही पानं उघडली आणि तिच्यापुढे आडवी धरली.

हुप्प्या पेपराकडे बघत राहिला, मग निघून गेला. बांडी पुन्हा खाऊ लागली.

अंगणाच्या कडेच्या कुडापलीकडून सुकरीबाई आल्या, टोपली डोक्यावर तशीच. फुलं कमी का दिसतात, असं त्यांनी विचारलं. हुप्प्यानं नेली असतील, असं मी खाली बघून म्हणालो.

“हुप्प्यानं एक फूल नाई उचललं, भाऊ. मी कवाची कुडाआडून पाहून राह्यली. पेपर कोनं धरला?”

मी पेपरची घडी घालू लागलो. त्यांनीच टोपली उतरवत सांगितलं की चांगला मोहा घरातच आहे. बाहेर फक्त काळा पडलेला टाकला होता.

“काऊन?” मी त्यांच्याच बोलीत विचारून गेलो.

“तुमी ओरडनार नाई, हे त्या वांदरीले मालूम, मले मालूम. तुमालेच मालूम नाई.”

मग मी त्यांना पत्राबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग हेच लिवा ना.”

त्याच दुपारी लिहिलं. ‘दिव्यानी, हुप्प्याला काय दिसतं हे बांडीला कळतं का, ते तू येऊन ठरव. माझ्या मनातलं तिला कळतं, हे मात्र नक्की. माझ्या साक्षीवर फार विसंबू नकोस. मी बांडीला सामील आहे.’

एक ‘बहुधा’ तरी शिरलाच होता. तो खोडला, तिच्याच पाकिटात पत्र घातलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. पडल्याचा आवाज स्पष्ट आला. तरी मी वाकून फटीतून दोनदा पाहिलं.