बारा जणींचा नकार

रुचिकाने चप्पल शेताच्या बांधावर, धुऱ्यावर काढली, फायलीतला कागद डोळ्यांपुढे धरला आणि चिखलात वाकलेल्या बारा जणींना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "या अभ्यासात भाग घेणं पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यामुळे तुमचं कोणतंही नुकसान होणार नाही."

उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. टोळीच्या मुख्य सुमित्राबाई कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"म्हणजे नाही म्हणलं त चालते?"

"चालतं ना, मावशी. हक्कच आहे तुमचा."

"मंग नाही."

थट्टा असेल म्हणून रुचिका हसली आणि शेजारच्या देवकाबाईंकडे वळली. त्याही नाही म्हणाल्या. तिसरीही. रोवणीच्या टोळीत काम धरायचं तर सगळ्यांनी, सोडायचं तर सगळ्यांनी, हे शहरालगतच्या फुलचूरहून आलेल्या या पोरीला कोण सांगणार? तिने विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीला वेगळं विचारलं आणि बारा वेळा नकार ऐकला. शेवटच्या नकाराला तर टोळीला हसू आवरेना.

शेतमजूर बायकांच्या मानवी हक्कांवर तिचं संशोधन होतं. अठ्ठेचाळीस मुलाखती झाल्या होत्या, साठ हव्या होत्या आणि सोमवारी सगळं मार्गदर्शक सरांपुढे ठेवायचं होतं. त्यासाठी अर्जुनी मोरगावच्या एसटीत पंधरा दिवस हाडं खिळखिळी करून घेतली होती. हक्क समजावून सांगायला जावं आणि तोच गळ्यात पडावा, अशी तिची गत झाली.

शेताचे मालक केवळराम धुऱ्यावरून गंमत पाहत होते.

"काऊन बाई, तोंड उतरलं? थांबा, मी सांगतो त्यायले. माह्या शब्दाबाहेर कोणी जात नाही."

चिखलातले हात थांबले. केवळरामांच्या एका शब्दाने साठ मुलाखती पूर्ण झाल्या असत्या आणि सरांना कधी कळलंही नसतं. रुचिकाला मोह झाला, चांगलाच झाला. मग तिने कागद फायलीत सारला.

"नको, काका. त्या नाही म्हणाल्या ना."

"पण तुमचं काम अडते."

"अडू द्या. त्यांना काही बोलू नका."

चप्पल हातात घेऊन ती सडकेकडे निघाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, बायांचा थोडा आणि स्वतःचा जास्त.

"ओ बाई! कुठं जाऊन राहिली?" मागून सुमित्राबाईंनी हाक मारली.

"घरी. तुम्ही नाही म्हणालात."

"खरंच चालली वो हे!" देवकाबाई थक्क होऊन म्हणाल्या.

सुमित्राबाई चिखल तुडवत धुऱ्यावर आल्या. "मागच्या साली एक साहेब आले होते. त्यायनं बी हेच वाचलं. आमी नाही म्हणलो त त्या शेताच्या मालकाले घेऊन आले. मंग त्यायले पाहिजे ते सांगतलं आन् मोकळ्या झालो. कागदावरलं 'नाही' खरं हाये का, ते पाहाचं होतं आमाले."

"मग आता?"

"आता शिदोऱ्या सोडतो. बस. इचार काय इचारतेस ते."

केवळराम समजूतदार माणूस. पाणी कुठवर आलं ते पाहतो म्हणत ते शेताच्या पार टोकाच्या बांधीकडे गेले. रुचिकाच्या हातावर भात आणि लाखोरीच्या पाल्याची भाजी आली. जेवून तिने हात धुतले आणि देवकाबाईंपासून सुरुवात केली.

"वय?"

"ते नाही सांगत जाय."

टोळी खळखळून हसली. 'उत्तर देण्यास नकार' असं रुचिकाने लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. देवकाबाईंना त्याचा इतका आनंद झाला की पुढच्या सात प्रश्नांची उत्तरं त्यांनी न थांबता दिली.

नववा प्रश्न होता, तुम्ही नाही म्हणालात आणि समोरच्या माणसाने ते मानलं, असं कधी घडलं?

देवकाबाईंनी शिदोरीचं फडकं बांधून बाजूला ठेवलं.

"आज," त्या म्हणाल्या. "लिही."

पुढच्या रकान्यात त्या माणसाचं नाव हवं होतं. संशोधन करणाऱ्याने संशोधनात स्वतः डोकावायचं नसतं, हे सरांचं नेहमीचं सांगणं. रुचिकाचा पेन तिथेच अडला.

"काऊन थांबली? लिहाले येते ना?"

"येतं," ती म्हणाली आणि त्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं.