नापास पेटीवरचा अभ्यास

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, फार दमलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हुरूपाने सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ते होणार नाही. माझ्या डोक्यावर रद्दीचे गठ्ठे आहेत, पोटात जुने स्वेटर आणि डांबराच्या गोळ्या आहेत, आणि तो वास मला नीट आठवूही देत नाही. तरी तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगते.

मी जन्मले जबलपूरच्या एका फॅक्टरीत. तोफेचे गोळे भरायला तिथे पेट्यांमागून पेट्या बनत. पहाडातून चिडाचं, म्हणजे पाइनच्या झाडाचं, लाकूड यायचं, त्याच्या फळ्या निघायच्या, खिळे ठोकले जायचे, उचलायला दोन्ही बाजूंना दोरीच्या मुठी लागायच्या आणि वरून हिरवा रंग फासला की पेटी तयार. आम्हा बहिणींच्या मनात एकच होतं, मालगाडीत बसून सरहद्दीवर जायचं. कशासाठी ते आम्हाला नीटसं ठाऊक नव्हतं. सगळ्या जात होत्या, म्हणून मलाही जायचं होतं.

तपासणीच्या दिवशी मी रांगेत अगदी ताठ उभी होते. एक उंच, सडपातळ माणूस आला. त्याने मला उलटीपालटी केलं, बोटाने फळी वाजवली, आणि डाव्या बाजूला लाकडात एक गाठ होती तिच्यावर अंगठा दाबला. मग खिशातला लाल खडू काढून माझ्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, 'गाठ'. संपलं. बहिणी मालगाडीत चढल्या आणि मी भंगाराच्या ढिगात जाऊन पडले.

त्या माणसाचं नाव बाबाराव. पुढे भंगारातलं लाकूड विकायला निघालं, तेव्हा मला विकत घ्यायला कोण यावं? हेच बाबाराव. सायकलच्या कॅरियरला मला बांधलं आणि कांचघर भागातून ढकलत ढकलत घमापूरला आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. ज्याने नापास केलं त्याच्याच घरी मी नांदायला आले, आता बोला.

"काहून आणली ही?" त्यांच्या बायकोने, हेमलताबाईंनी, दारातच विचारलं. "सरपणाला?"

"सरपणाला काहून? विनूला लिहायला."

"तुम्हीच फेल करता अन् तुम्हीच घरी घेऊन येता."

"गोळे ठेवायला फेल आहे," बाबाराव मला खाली ठेवत म्हणाले. "पुस्तकं ठेवायला पास आहे."

खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

विनू म्हणजे विनता, त्यांची एकुलती एक मुलगी. बाबारावांनी मला घासून गुळगुळीत केलं. घासताना ती गाठ निखळून पडली आणि तिथे एक भोक राहिलं. विनताने लगेच त्यात पेन्सिल खोचून ठेवली. मग काय, जमिनीवर मांडी घालून ती माझ्यासमोर बसायची, पुस्तकं माझ्या पोटात, वही माझ्या पाठीवर. शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, बी.एस्‌सी. सुरू झालं, तरी बैठक तीच. ही मुलगी हुशार होती का, ते मला सांगता येणार नाही. कष्टाळू होती, हे मात्र मी शपथेवर सांगेन. एक गणित सुटलं नाही तर ती कणीक मळायला उठायची, आणि मळता मळता सुटलं की पिठाच्या हातानेच येऊन लिहायची. माझ्या फटींतून अजून थोडं पीठ निघेल.

ती लिहितानाही फार जोर द्यायची. कागदावरची आकडेमोड माझ्या झाकणावर उमटायची. मी दुखलं म्हणून कधी कुरकुर केली नाही.

विनताच्या कॉलेजात 'मेधावी परिषद' नावाचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा प्राध्यापक काही मुलींची निवड करत. निवडलेल्या मुलींना पितळी बिल्ला मिळे, समारंभात पुढच्या रांगेत खुर्ची मिळे, आणि मुख्य म्हणजे विज्ञानाची मोठाली पुस्तकं घरी नेता येत. बाकीच्यांनी ती वाचनालयात बसूनच वाचायची. विनताला बिल्ल्याचं फार नव्हतं असं ती म्हणायची. मला ते खरं वाटत नाही. पदर कुठे खोचला म्हणजे बिल्ला दिसेल, हे तिने आरशापुढे करून पाहिलं होतं, आणि तो आरसा माझ्यावरच ठेवलेला होता.

तिची मैत्रीण ज्योती मदन महलकडे राहायची. परीक्षा जवळ आली की ती आमच्याकडे यायची आणि माझ्या पलीकडच्या बाजूला बसून विनताकडून गणितं समजून घ्यायची. चांगली मुलगी होती, हसरी. त्या वर्षी निवड झाली त्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. तिने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला होता, पण बिल्ला त्याखालून दिसतच होता.

"विनता, मला तर वाटलं होतं, तुझंच नाव पहिलं असेल," ती म्हणाली.

"अच्छा झालं, तुझं तरी आलं," विनता म्हणाली. "चहा घेशील?"

तिने चहा केला आणि त्यात साखर टाकायला विसरली. ज्योतीने तो तसाच संपवला आणि निघून गेली. मग विनता माझ्यासमोर येऊन बसली. वही उघडली नाही, पुस्तक काढलं नाही. नुसतं माझ्या झाकणावर उमटलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण पेटीने करायचं काय?

संध्याकाळी बाबाराव आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कारण काय सांगितलं?"

"काही नाही."

"असं कसं? आमच्याकडे फुली मारली की खाली कारण लिहावं लागते. तू जाऊन विचार. कारण कळलं की दुरुस्ती करता येते."

बिचाऱ्या बाबारावांना वाटलं, सगळी दुनिया फॅक्टरीसारखीच चालते. विनता गेली विचारायला. परिषदेच्या प्राध्यापक बाई भल्या होत्या. त्यांनी तिला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बेटी, इस बार लड़कियाँ बहुत थीं. दिल छोटा मत करो." घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं.

"हे काही कारण झालं नाही," बाबाराव म्हणाले. "कारण असतेच."

"बाबा, मी काय पेटी आहे?" विनताचा आवाज चढला. "फुली मारायची अन् खाली कारण लिहायचं?"

मी तिथेच होते, मित्रांनो. मला लागलं, पण घरातलं माणूस रागात बोललं तर ते मनावर घ्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळी पुस्तकं माझ्या पोटात कोंबली आणि झाकण घट्ट लावलं. यंदा परीक्षेला बसायचंच नाही, असं तिने आईला सांगून टाकलं. हेमलताबाईंनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग माझ्यावर कांद्यांची टोपली आणून ठेवली. त्या टोपलीखाली मी जे दिवस काढले ते मला आठवायचेही नाहीत. वजनाचं काही नव्हतं. पण रोज विनता कांदे घ्यायला यायची, माझ्याकडे न बघता घ्यायची आणि जायची.

त्यातच पासष्टची लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. फॅक्टरीत पाळ्या लांबल्या. बाबाराव उजाडताच जात आणि अंधार पडल्यावर येत, जेवता जेवता त्यांचे डोळे मिटत. घरात तिघं माणसं होती आणि तिघंही थकलेली. कोणाला कोणाशी बोलायची ताकद नव्हती. माझ्या बहिणी भराभर सरहद्दीवर जात असतील, असा विचार मनात यायचा. पण त्यांचा हेवा वाटायचा बंद झाला होता.

लढाई थांबली. दसरा जवळ आला होता, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी बाबाराव दिवसाउजेडीच घरी आले. हातात खोव्याच्या जिलबीचा पुडा होता. जबलपूरची खोव्याची जिलबी तुम्ही खाल्ली नसेल तर तुमचं नशीब. काळपट, जाडजूड, पाकाने ओथंबलेली. बाबारावांनी ती याआधी दोनदाच आणली होती. विनता तेव्हा लहान होती, दोन्ही वेळा पुडा बघून नाचली होती.

"घे विनू, गरम आहे," ते म्हणाले.

विनताने पुड्याला हात लावला नाही. "कशाची खुशी आहे, बाबा? कोणाला काय मिळालं इथं?"

तेव्हा चुलीजवळून हेमलताबाई बोलल्या. फार हळू बोलल्या. "खुशीची नाही ग ती. कधीच नव्हती."

बाबाराव त्यांच्याकडे बघत राहिले.

"सुपरवायझरची निवड झाली ना आज?" हेमलताबाईंनी विचारलं. "राहिले ना तुम्ही, नाव नाही ना आलं? मागच्या दोन्ही वेळेला राहिले तेव्हाही पुडा घेऊनच आले होते. लेकराला जिलबी दिली की कोणी काही विचारत नाही, म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"मला काहून नाही माहीत राहणार? तुम्ही स्वतः एक तुकडाही खात नाही त्या दिवशी."

बाबाराव खाली बसले, माझ्या बाजूलाच. पुडा त्यांच्या हातातच होता आणि पाक बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होता. विनता उभी होती. लहानपणी ज्या दोन दिवशी आपण नाचलो, ते दोन्ही दिवस तिच्या डोळ्यांपुढून जात असावेत, असं तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

"तीनदा, बाबा?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"कारण?"

बाबारावांना हसू आलं. रडूही आलं असेल. "कोणी सांगत नाही बेटा," ते म्हणाले. "मी पण विचारलं नाही कधी. भीती वाटली."

विनता त्यांच्यासमोर बसली. तिने त्यांच्या हातातून पुडा घेतला, पदराने त्यांचं मनगट पुसलं आणि म्हणाली, "मग आता काय करणार?"

"काय करणार? आता वय झालं. बस झालं."

"तुम्ही पुन्हा निवडीला बसा. मीही बसते परीक्षेला."

"अन् पुन्हा राहिलो तर?"

"तर राहू," विनता म्हणाली.

हेमलताबाई उठल्या आणि माझ्यावरची कांद्यांची टोपली उचलून चुलीशेजारी ठेवली. झाकण उघडलं तेव्हा पुस्तकांना कांद्यांचा वास लागला होता. त्यातलं पहिलं पुस्तक त्यांनीच काढलं, लुगड्याच्या काठाने पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला बाप. विनता आधी वाचनालयात बसून वाचायची, डोक्यात धरून आणायची आणि घरी येऊन माझ्यावर उतरवायची. बाबाराव पाळीहून आले की नियमांचं पुस्तक घेऊन बसायचे आणि पान उलटायच्या आत पेंगायचे. मग विनता त्यांच्या कोपराला पेन्सिल टोचायची. मीही दमले. चार कोपरं, दोन दिवे, पुस्तकांचं ओझं, आणि मी मूळची नापास लाकडाची. फार आनंद होता असं मी म्हणणार नाही. अभ्यास हे एक कंटाळवाणं काम आहे, आणि दमलेल्या माणसाला तर ते आणखीच जड जातं. पण दोघं रोज बसत होते, एवढं मी पाहिलं.

समारंभात परिषदेच्या मुली पुढच्या रांगेत बसल्या आणि विनता मागे बसली. घरी येऊन तिने ते सांगितलं आणि कपडे बदलून अभ्यासाला लागली. परीक्षा झाली. ती पास झाली, पहिल्या वर्गाला मात्र थोडे गुण कमी पडले. तिला परिषदेने का नाकारलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग बाबारावांची निवड आली. जूनचे शेवटचे दिवस होते, घरात उकाड्याने जीव नकोसा झालेला. दाराशी सायकल लावल्याचा आवाज आला. विनता माझ्यावर ज्योतीच्या धाकट्या बहिणीसाठी गणितं काढत बसली होती. बाबाराव उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"राहिलो," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत निवडीहून घरी येऊन हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. हेमलताबाईंनी पाण्याचा तांब्या भरला. विनताने वह्या गोळा केल्या, माझी अर्धी बाजू मोकळी केली आणि म्हणाली, "या बाबा, बसा."

ते येऊन बसले. दोन्ही कोपरं माझ्यावर टेकली आणि डोकं हातांत धरलं. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. मी गोळे वाहायला लायक नव्हते, पण ते वजन मी पेललं, आणि माझी एक फळीसुद्धा कुरकुरली नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका किंवा मला रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आता होत आलं. पण तुमच्या घरी कधीतरी कोणीतरी उंबऱ्यात येऊन उभं राहील आणि म्हणेल, राहिलो. त्याला कारण विचारू नका. आपली पुस्तकं थोडी बाजूला सारा आणि त्याला बसायला जागा करून द्या.